जावई बाहेरचा की गावचा?

लोणीच्या एसटीत पुढच्या बाकावर दोघं बसले होते. एकाच्या मांडीवर फुटबॉल होता.

"सावळेरामभाऊ, तुमच्या लोणीच्या टीमला बाहेरचा खेळाडू घ्यायला बंदी व्हती ना?"

"हाय की. वर्षभर."

"मग जुन्नरचा गोलकीपर कसा घेतला?"

"आदेश? तो आमच्या गावात घरजावई हाय. संघटना म्हणली, जावई म्हंजे पावणा, अन् पावणा बाहेरचाच. मग आमी अपील केलं."

"जिंकलं?"

"सुनावणीला त्याची सासू लंकाबाई उभी राह्यली. म्हणली, तीन वर्षं झाली, हा माझ्या गोठ्यातलं शेण काढतोय. पावण्याला कुणी शेण काढायला लावतं का?"

"अन् साहेब काय म्हणले?"

"लई हसले. लिहूनच दिलं, आदेश लोणीचा."

"मग जावई खूश असंल!"

"व्हता, परवापर्यंत. आता धोंड्याचा महिना लागलाय. जावयाला वाण द्यायचं, तर सासू म्हणती, तू आता गावचा, तुला कसलं वाण?"

"अरारा!"

"आता तो मलाच इचारतोय, ह्या निकालावर अपील कुठं करायचं."