ताठ पायांची उडी

हॅलो?... हो साधना, मीच, आई. बाबाचा फोन माह्याजवळ हाये... बरे हायेत व ते. ऐक ना. काल तू त्याइले विचारलं ना, त्या इंग्रजी शब्दाले आपल्याकडं काय म्हणते, तुह्या त्या जंगलाच्या पिक्चरचं मराठी करासाठी... हो, हरणाचंच. 'स्टिफ-लेग्ड बाउंडिंग.'

हो, हो... स्टिफ म्हंजे ताठ, बाउंडिंग म्हंजे उड्या, सांगतलं होतं तू. पण पाय वाकवल्याबिगर उडी कशी मारन कोणी? जेवतानी बी तेच चाललं त्याइचं. लंगडं हरीण असन म्हणे, नाईतर लिहिणारा चुकला.

आता ऐक. सकाळी ते रिसोड रोडच्या वावरात गेले, हरभऱ्यातले हरणं हाकलाले... रोजचंच व. तं गावातले कुत्रे सुटले कळपावर. एका हरणीचं पिल्लू, इवलंसं, हरभऱ्यात दबून बसलं होतं... नाई, नाई, मेलं नाई, ऐक तं. बाबा वरडत धावले, पण वावर केवढं लांब. वाटलं, गेलं पिल्लू.

अन् ती हरणी पळालीच नाई. कुत्र्याइच्या पुढ्यात चारही पाय काठीवाणी ताठ केले, अन् उभीच्या उभी वर. टेकली का पुन्हा वर... नाई ना वाकले पाय, तेच तं! जमिनीनंच तिले वर फेकलं, म्हणे. कुत्रे पिल्लाले सोडून तिच्यामांगं लागले. पार नाल्यापलीकडं नेलं तिनं त्याइले, दमवून टाकलं... आली ना परत. येऊन पिल्लाले चाटलं.

कोण, बाबा? वावराच्या धुऱ्यावर, बांधावरच बसले होते तवापर्यंत... नाई हाकललं व. कळप हरभरा खाऊन राह्यला, अन् हे पाहून राह्यले.

घरी आले तं चहा बी नाई घेतला. आंगणात मले करून दाखोलं, गुडघे ताठ ठेवून, या वयात. वीतभर बी नाई उचलले... मी बी हसली नाई. डोळे भरले होते त्याइचे. म्हणे, 'जिंदगीभर हरणं हाकलली, पाह्यली आजच.'

तू काय लिहिशीन मंग?... 'ताठ पायांची उडी'... हं. बरोबर हाये. पण उडी म्हटलं का लहान वाटते... पाह्य तू.

थांब, आवाज देऊन राह्यले... काय म्हणता?... आत्ता?... अवं, मले चाल म्हणून राह्यले. दिवस कलला का कळप येते म्हणे, तुले दाखोतो... नाई व, वावरात निंदाले, पीक सोंगाले नेलं आजवर. काही दाखवाले कधीच नाई नेलं.

ठेवते, साधना. निघाले बी ते.