लाट जिथे जोरात पळाली

दाताच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक बोअरवेलवाले आजोबा, गाल सुजलेला. पलीकडे त्यांची सून, जमीन तपासणारी.

"दोन बोअर कोरडे गेले, सूनबाई. तिसराही गेला तर गावकरी दारात उभं करणार नाहीत."

"ते दोन्ही तुम्ही दाखवलेल्या जागी मारले, बाबा. हातोडा आपटून जमिनीत सोडलेली लाट तिथे रेंगाळली. तिसरा चाललाय तिथे ती जोरात पळाली."

"अगं, पाण्यात माणूस हळू चालतो. लाट कशी पळेल?"

"रिकाम्या पिशवीवर बुक्की मारा, आतच जिरते. पाण्याने तट्ट भरलेलीवर मारा, धक्का लगेच पलीकडे. भेगांच्या खडकाचंही तसंच."

"आणि नुसता टणक कातळ निघाला तर?"

"हातोड्याने दोन लाटा निघतात, एक ढकलणारी, एक हेलकावणारी. टणक कातळात दोन्ही सुसाट जातात. इथे हेलकावणारी मागे पडली. पाण्यातून तिला जाता येत नाही."

"मोठी आली शहाणी! हा बघ, मशीनवाल्याचा फोन. तूच घे, जागा तुझी आहे."

"बोला दादा... काय सांगता! बाबा, तो नखशिखांत भिजलाय!"

"ऐका हो सगळे! आमच्या सूनबाईने हातोडा आपटून पाणी शोधलं!"

"आजोबा, तुमचा नंबर आला," नर्सने हाक मारली.

"दात कुठे पळून जातोय? आधी विहीणबाईंना फोन लावू दे. पोरीला जास्त शिकवलंत, असा टोमणा मीच मारला होता त्यांना."