दाढेतला कापूस

आमचं गाव तिसगावच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी. आमी घराण्यानं वाजंत्री. आजा सनई वाजवायचा, बाप वाजवायचा, मग मी, आन धाकटा भाऊ किसन माझ्यामागं सूर धरायचा. लोकांना वाटतं सनई म्हंजे बोटांचा खेळ, पन बोटं काय, कुनालाबी शिकवता येत्यात, खरी सनई गालात असती. गालात वारा भरून ठेवायचा, नाकानं दम घ्यायचा, आन तवर गालातला वारा सोडत ऱ्हायचा, म्हंजे सूर तुटत न्हाई. माझ्या बापाचे दात गेले, गाल आत बसले आन सनईबी बसली. त्यानं ती पुसून माझ्या हातात दिली आन म्हनला, दात संभाळ रं बाबा. मी संभाळले. तंबाखूला हात लावला न्हाई, मिसरी न्हाई, रोज बाभळीची काडी. आन तरीबी हे माझ्याच वाट्याला यावं, काय सांगू तुम्हाला.

आमच्या घरात एक रीत हाय. मांडवात कुनीबी वाजवू दे, पन लेक सासरी जायला उंबऱ्याभाईर पडली का बापानं सनई उचलायची, आन ती येशीच्या पार जाईस्तवर सूर तुटू द्यायचा न्हाई. तोंडात सनई असली का बापाला रडता येत न्हाई, म्हनूनच कुनीतरी घातली असंल ती रीत. माझ्या दोन्ही बहिनींना बापानं असंच लावून दिलं. मला एकच लेक, सुमन. ल्हानपनापासनं इचारायची, दादा, माझ्या येळंला कंची चाल वाजवनार. मी म्हनायचो, आत्ताच न्हाई सांगनार, तवा ऐक.

तिचं लगीन वैशाखात ठरलं, आन त्या थंडीतच माझी खालची दाढ ठनकायला लागली. साल दुष्काळाचं. हिरी तळाला गेल्या, लोक सडकंच्या कामावर खडी फोडायला गेली, लग्नं लई कमी. नगरात एका वकिलाच्या घरचं लगीन आलं, तिथं मी सुजल्या तोंडानं वाजवलं. पाव्हन्यांत एक दाताचा डाक्टर हुता, सावेडीकडं राहनारा, तरना मानूस. मला बाजूला घेऊन म्हनला, तोंड उघडा. मी म्हनलं, उपटू नका सायेब, माझी सनई जाईल. तो म्हनला, उपटत न्हाई, आतली शीर काढतो, दाढ तशीच ऱ्हाईल. मला तर देवच भेटल्यावानी झालं.

दुसऱ्या दिशी त्यानं पायानं चालवायच्या यंत्रावर दाढ कोरली. बारीक तारंनं शीर काढली, औषीदाचा कापूस आत ठिवला, वर पांढरा चुना कसला तो लिंपला आन म्हनला, दोन-तीन दिस ठनकंल, ह्या गोळ्या घ्या, मिठाच्या पान्यानं चूळ भरा, आठ दिसांनी या, मंग पक्कं बुजवतो. त्याच्याआधी लई दुखलं तर धावत या, पन दाढंला हात लावू नका. समदं नीट सांगितलं त्यानं, मी त्याला कवाच बोल लावनार न्हाई. पन चुळा भराय सांगितलं आन गावात प्यायला पानी न्हवतं, बाया टँकरपाशी भांडत हुत्या, तिथं मी तांब्या-तांब्या पानी कुठं थुकू.

तिसऱ्या दिशी दुखनं जे वाढलं ते वाढलंच. कानात ठनका, डोळ्यात ठनका, जीभ लागली तरी जीव जायचा. आमची मंडळी म्हनली, आवं, शीर काढली ना त्यानं, मंग आता दुखतंय काय. हे मलाबी पटलं. जिथं शीरच न्हाई तिथं दुखंल कशानं. मंग माझी आत्या म्हनली, शीर गेली पन कीड ऱ्हायली आत, डाक्टरानं वरनं बुजवलं, आता ती आतल्या आत पोखरतीय. आमच्याकडं दाताची कीड झाडनाऱ्या बाया असत्यात, तुमी बघितल्या नसतील. शेजारच्या वाडीला अशी एक म्हातारी हुती, आत्या मला तिथं घेऊन गेली.

म्हातारीनं लोखंडाचा तुकडा लाल केला, त्याच्यावर रिंगनीचं बी टाकलं, आन नळीनं तो धूर माझ्या तोंडात सोडला. लाळ गळायला लागली. कीड काय पडंना. मंग तिनं आत बघितलं आन म्हनली, वाट बुजवलीय की रं हिची, कशी भाईर येनार. दाभन घेतलं आन तो चुना खरडला. आन आतनं एक वलं, पिवळं, लांबुळकं काहीतरी निघालं. तिनं ते पळसाच्या द्रोनातल्या पान्यात टाकलं तर ते हललं वो, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. समदी वाडी बघाय गोळा झाली. केवढी कीड, केवढी कीड. आन तुमी इस्वास ठिवा नायतर ठिवू नका, त्याच घटकंला माझं दुखनं थांबलं. घान चवीचं पानी तोंडात आलं आन डोकं हलकं झालं. मी म्हातारीच्या पाया पडलो.

बरं झाल्यावर डाक्टराकडं कोन जातंय. मी गेलो न्हाई. दाढ उघडीच, त्याच्यात भाकर अडकायची, मी काडीनं कोरायचो. पुढच्या अमावस्येच्या आसपास गाल सुजून आला, असा आला का डोळा मिटला. पुन्हा म्हातारीकडं गेलो तर ती म्हनली, कीड तर काढली, आता हे वाऱ्याचं हाय, बिब्बा लाव. बिब्ब्यानं कातडं जळालं आन गाल भाईरनं फुटला. पू वहायला लागला, ताप, दातखिळी, नुसती पेज फडक्यानं पिळून तोंडात. किसननं मला यष्टीत घालून नगरला नेलं.

डाक्टरानं बघितलं आन पैलं काय इचारलं, तर कापूस कुठाय. मी म्हनलं, सायेब, कापूस न्हाई, कीड निघाली. तो म्हनला, कशी हुती. मी सांगितलं, वली, पिवळी, लांबुळकी. तो लई येळ हात धूत बसला. मंग हळूच म्हनला, तो मी ठिवला हुता. पू निघाला म्हनून तुम्हाला तवा बरं वाटलं. हात धुतलेल्या पान्याकडं बघत बोलला, माझ्याकडं बघितलं न्हाई त्यानं.

दाढ काढली, हाड खरवडलं. जीव वाचला. पन जिथं गाल फुटला हुता तिथं तो वाळत वाळत हाडाला चिकटला. हा बघा, बोट लावून बघा, हालत न्हाई. वारा भरायला जागाच न्हाई. आन कातडं वढून तोंडाचा हा कोपरा वर गेला, तवापासून मी कुठंबी असलो तरी हसतोय असं दिसतं. मयतीला गेलो तर लोक टकामका बघत्यात.

वैशाखात सुमनचं लगीन झालं. पाठवनीच्या येळंला रीत म्हनून मी सनई उचलली. दम घ्यायला गेलो आन पैल्याच पावलाला सूर तुटला. पुन्हा धरला, पुन्हा तुटला. किसननं माझ्या हातातनं सनई घेतली आन मी ठरवलेली चाल त्यानं वाजवली, त्याला ठावं हुती. मी मोकळ्या तोंडानं लेकीसंगं चाललो. मला रडू आलं. पन तोंड तर असलं. नवऱ्याकडचा एक म्हातारा म्हनला, बाप लई खुशीत हाय, हसतोय बघा. ते सुमननं ऐकलं. ती थांबली, मागं फिरली, आन आपल्या शालूच्या पदरानं तिनं माझं तोंड झाकलं. येशीपातूर तसाच धरून चालली, नवरीचा चेहरा उघडा आन बापाचा झाकलेला.

आता ती तिच्या घरी बरी हाय. औंदा पाऊसपानी बरं हाय, लग्नंबी हायेत. किसन चाल वाजवतो, त्याचा मेव्हना सूर धरतो आन मी मागं संबळ वाजवतो, संबळाला गाल लागत न्हाई. किसनचे दात अजून चांगले हायेत, देव करो तसेच ऱ्हावोत, त्याला दोन लेकी हायेत.