श्वास पाहून निवडलेली गाणी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेल्या आपल्या नगराध्यक्षा, द्रेनोव्हा गावच्या मिश्र गायकवृंदाचे संचालक श्री. आल्बिन रुतार, आपले फादर, आमच्या वृंदाचे आजी-माजी सदस्य, आणि ज्यांच्या घरातलं कोणी ना कोणी या मंचावर उभं राहून गायलं आहे असे तुम्ही सगळे झाब्रेगकर. आणि जिच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो, ती आमची संचालिका दारिंका कोफोल, आमच्या दारिंकाबाई, ज्या समोर खुर्चीत अशा अवघडून बसल्या आहेत की जणू दंतवैद्याकडे नंबर लागलाय. सगळ्यांना माझा नमस्कार.

मी सिल्वाना मुगेर्ली. आल्टो, म्हणजे बायकांतला खालचा आवाज, दुसरी रांग. समितीने आज बोलण्याचा मान मला दिला. मान कसला, बाकी सगळ्यांनी अंग काढून घेतलं म्हणून माझ्या गळ्यात पडला. सकाळी बाईंचा फोन आला. म्हणाल्या, "सिल्वाना, स्तुती करू नकोस हं. केलीस तर मी उठून जाईन." चाळीस वर्षं त्यांचं ऐकलंय, आजही ऐकते. स्तुती करत नाही. झालं ते सांगते.

लोकांना वाटतं, वृंदाची संचालिका म्हणजे हात हलवणारी बाई. खरं काम त्याच्या कितीतरी आधी होतं. ऑगस्टात, बाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर. पुढच्या हंगामात काय गायचं, कोणत्या स्वरलिपी मागवायच्या, हे तिथे ठरतं. मी एकदा कॉफी प्यायला गेले तेव्हा विचारलं होतं, "बाई, गाणं सुंदर आहे हे नुसतं कागद बघून कसं कळतं हो?" तर म्हणाल्या, "ते शेवटी बघायचं. आधी बघायचं, आपल्याकडे कोण आहे." कोणाला बाळ होणार आहे, कोणाची आई आजारी आहे, कोणाचे नवे दात अजून बसले नाहीत, हे सगळं त्यांना ठाऊक असायचं. मग सोप्रानोची, म्हणजे बायकांतल्या वरच्या आवाजाची, ओळ त्यानुसार, पुरुषांतल्या वरच्या आवाजाची, टेनरची, त्यानुसार. आपले टेनर त्स्वेतो न्हावी, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो, दरवर्षी भांडायचे. "बाई, यात माझा वरचा सूर कुठाय?" बाई म्हणायच्या, "आहे ना त्स्वेतो. सोप्रानोंना दिलाय." हसा, हसा. पुढे हसण्यासारखं फारसं नाही.

माझा नवरा स्तांको बास गायचा, पुरुषांतला सगळ्यात खालचा आवाज. आमच्या वृंदाची बास रांग म्हणजे त्या काळी खोऱ्यात नाव घेण्यासारखी होती. आणि रांगेतले बहुतेक सगळे कारखान्यातले. सिमेंटचे पत्रे करणारा आपला कारखाना. अॅस्बेस्टॉसची पोती फोडायच्या खात्यात स्तांको होता. घरी यायचा तो पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा. मी अंगणात उभी राहून त्याचे कपडे झटकायची. सगळ्याच बायका झटकायच्या. संध्याकाळच्या उन्हात ती धूळ चमकायची. सुंदर दिसायची, खोटं कशाला बोलू?

कारखान्याला साठ वर्षं झाली तेव्हाची गोष्ट. मोठा सोहळा ठरला. कारखान्याचे संचालक लेबानसाहेब स्वतः तालमीला आले, काखेत स्वरलिपीचा गठ्ठा घेऊन. वाद्यवृंदासोबत गायची लांबलचक रचना. शेवटच्या भागात वाद्यं थांबतात आणि बास एकटे गातात. संथ, खालच्या सुरात, मध्ये कुठे उसंत नाही अशी ओळ.

बाई तेव्हा तरुण होत्या, शाळेत नोकरीला लागून फार वर्षं झाली नव्हती. त्यांनी पानं चाळली, परत दिली आणि म्हणाल्या, "कॉम्रेड संचालक, हे आम्हाला जमणार नाही. माझ्या बास लोकांना ही ओळ पेलवायची नाही."

"झाब्रेगच्या बासना? अहो, आख्खं खोरं त्यांचं कौतुक करतं!"

"तीन वर्षांपूर्वी पेललं असतं. आता त्यांचा दम लवकर संपतो."

"मग सांगा त्यांना, सिगारेट कमी करा," साहेब म्हणाले, आणि सगळे हसले. स्तांकोही हसला. तो तर सिगारेट ओढतच नव्हता.

बाईंनी त्या ऑगस्टात दुसरीच गाणी निवडून ठेवली होती. आपल्या डोंगरातली लोकगीतं, चार आवाजांत बसवलेली, छोट्या छोट्या ओळींची. स्वल्पविराम आला की श्वास, पुन्हा स्वल्पविराम, पुन्हा श्वास. त्यांनी ती वाटली, आणि स्तांको उठून उभा राहिला. "बाई, ही काय बालवाडी लावलीत? आम्ही कारखाना चालवतो, आमच्या कारखान्याचा सोहळा आहे, आणि आम्ही तिथे कोकिळा-बिकिळा गाणार?" बाकीचे बासही त्याच्याच बाजूने. मतदान झालं. हात वर करून. माझाही हात मी वर केला, नवऱ्याच्या बाजूने. साहेबांची रचना गायची ठरली.

बाईंनी एक शब्द वाद घातला नाही. तालमी घेतल्या, मन लावून घेतल्या. बास लोकांना चोरून श्वास घ्यायला शिकवलं. गायकवृंदात हे चालतं: तुम्ही श्वास घेता तेव्हा शेजाऱ्याने सूर धरायचा, तो घेतो तेव्हा तुम्ही. ऐकणाऱ्याला वाटतं, ओळ अखंड चालली आहे.

सोहळ्याच्या दिवशी हे सभागृह खचाखच भरलं होतं. झेंडे, फुलं, राजधानीतून आलेले पाहुणे. शेवटचा भाग आला. वाद्यं थांबली. बास सुरू झाले, काय सुरू झाले म्हणून सांगू, अंगावर काटा आला. आणि मग ओळ तुटली. एकाने श्वास घेतला, त्याच क्षणी दुसऱ्याने, तिसऱ्याने. शेजाऱ्याने धरायचं असतं, पण शेजाऱ्याकडेही काही उरलं नव्हतं. बाईंचा हात तसाच वर, थांबलेला. मग त्यांनी सोप्रानोंना खूण केली आणि गाणं कसंबसं कडेला लागलं. पहिल्या रांगेतल्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, रचनाच तशी आहे.

दुसऱ्या दिवशी बाई आमच्या घरी आल्या. मी मक्याच्या पिठाचा पोलेंटा ढवळत होते. स्तांको टेबलाशी बसला होता, तोंड फिरवून.

"स्तांको, तुम्ही राजधानीतल्या डॉक्टरांना दाखवा. कारखान्याच्या नव्हे, बाहेरच्या."

"का? गाणं बिघडलं म्हणून आता औषध घेऊ? तुम्ही लय मुद्दाम संथ ठेवलीत. आम्हाला तोंडघशी पाडायला."

"मी उलट घाईत घेतली. तुम्हाला पोचता यावं म्हणून."

"बाई, माझ्या घरातून जा."

"जाते. पण तुम्ही आत्ता एवढं बोललात ना, त्यात दोनदा थांबलात. राग आलेला माणूस थांबत नाही."

त्या गेल्या. स्तांकोने पोलेंट्याला हात लावला नाही. वृंदही सोडला. रस्त्यात बाई दिसल्या की पलीकडच्या फुटपाथवर जायचा. आणि मी? मी रोज त्याच्या शेजारी झोपत होते. त्यानंतर मात्र झोपेतही त्याचा श्वास ऐकू लागले. हिवाळाभर ऐकला. मग एके दिवशी म्हटलं, "तुला बाईंचा राग असू दे. पण माझ्यासाठी चल." गेलो आम्ही राजधानीला, ल्युब्ल्यानाला. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिले, विचारलं, "काम कुठे करता?" स्तांकोने सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग. परतीची बस धरली. गाव जवळ आलं, कारखान्याची चिमणी दिसली, तेव्हा स्तांको एवढंच म्हणाला, "बाईला कानाने कळलं गं."

पुढच्या तालमीला तो दारात जाऊन उभा राहिला. त्याने टोपी काढली. "बाई, बालवाडीत एक जागा मिळेल?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पियानोवरची पानं उलटत म्हणाल्या, "उशीर झालाय. खुर्ची घ्या, तिसरं पान."

त्यानंतर छोट्या ओळींच्या गाण्यांवर कोणी तक्रार केली नाही. एकेक बास राजधानीला जाऊन येत होता, आणि बाई दर ऑगस्टात आणखी छोट्या ओळी शोधत होत्या. दुकानात मिळेनात तेव्हा स्वतः मांडून लिहायच्या. एका विभागीय स्पर्धेत परीक्षकांनी सगळ्यांसमोर सुनावलं, या वृंदाने निवडलेलं साहित्य त्यांच्या कुवतीला शोभणारं नाही, संचालिकेने जरा हिंमत करावी. बाई म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं," आणि खाली उतरल्या. त्या वर्षी आमचा क्रमांक शेवटचा. आमच्या मागे, खुर्च्या धरून, आमचे बास उभे होते. परीक्षकांना कसं कळावं?

स्तांको शेवटी इस्पितळात होता तेव्हा बाई आल्या, पिशवी भरून स्वरलिपी घेऊन. मला वाटलं, फळं आणली असतील. त्यांनी ते कागद त्याच्या पांघरुणावर पसरले. "पुढच्या हंगामासाठी निवडायचंय. बास रांगेचे प्रमुख तुम्ही. हे घेऊ की हे?" तो गाणार नाही हे त्या खोलीत सगळ्यांनाच माहीत होतं. परिचारिकेलासुद्धा. पण स्तांकोने चष्मा मागितला. एकेक पान नीट पाहिलं, ओठ हलवत. छोट्या ओळींची सगळी बाजूला सारली आणि एक उचललं.

"हे."

"स्तांको, यात बास पानभर थांबत नाहीत."

"दिसतंय मला. मागवा. सगळ्यांसाठी प्रती मागवा. नवी पोरं येतील ना बासमध्ये."

बाईंनी मागवल्या. स्तांको मार्चमध्ये गेला. त्या स्वरलिपी वृंदाच्या कपाटात राहिल्या. नवी पोरं आली थोडी; काही परदेशी गेली, काही जुन्यांसारखीच राजधानीला, डॉक्टरांकडे. कारखान्यातून अॅस्बेस्टॉस गेलं, पण ज्यांच्या आत जायचं त्यांच्या आत ते आधीच गेलं होतं. लेबानसाहेबही त्याच आजाराने गेले. त्यांच्या पत्नी आज इथे आहेत. वहिनी, तुम्ही आलात, बरं वाटलं. त्यांच्या अंत्यविधीला आमचा वृंद गायला, तेव्हा काही जणांनी बाईंना विचारलं होतं, यांच्यासाठी कशाला? बाई म्हणाल्या होत्या, "माणूस गुदमरून गेलाय. गाणं निवडा, चर्चा नको."

आज आमच्याकडे दोन बास उरलेत. लोक म्हणाले, बायकांचाच वृंद करा, त्यासाठी स्वरलिपी ढिगाने मिळतात. बाईंनी ऐकलं नाही. त्या दोघांसाठी दरवर्षी शोधत राहिल्या. आणि गेल्या वर्षीपासून आल्टोंसाठीही. कारण मंडळी, ते कपडे आम्ही झटकले होते. मलाही तेच झालंय. बहुतेकांना ठाऊक आहे, ज्यांना नव्हतं त्यांना आज कळलं. मी बाईंना सांगायला गेले, तर टेबलावर नव्या हंगामाची पानं तयार होती आणि आल्टोच्या ओळी छोट्या झालेल्या होत्या. मी म्हटलं, "तुम्हाला आधीच कळलं होतं?" तर माझा हात धरून बसल्या. खूप वेळ.

आता शेवटचं सांगते. निवृत्त होण्याआधी बाईंनी वृंदाचं कपाट रिकामं केलं. स्तांकोने निवडलेल्या त्या प्रती निघाल्या, करकरीत, एकही घडी न पडलेल्या. नव्या संचालिका नेझाताई म्हणाल्या, राहू देत, पुढेमागे उपयोगी पडतील. बाई म्हणाल्या, "आपल्याकडे कोण आहे ते बघ आधी." आणि तो गठ्ठा गाडीत घालून द्रेनोव्हाला गेल्या, आल्बिनजींकडे. तिकडे खोऱ्याच्या त्या टोकाला कारखाना नाही, फळबागा आहेत. या मे महिन्यात त्यांच्या वृंदाने ते गाणं गायलं. आम्ही दोघी गेलो होतो ऐकायला. मागच्या रांगेत बसलो.

बासची ती ओळ आली. आडदांड, गालांवर लाली असलेली माणसं. गायला लागली. मी वाट पाहत होते, आता तुटेल, आता तुटेल. बाईंची बोटं माझ्या मनगटावर घट्ट रुतली होती. पान संपलं, ओळ संपली. अखंड.

टाळ्या थांबल्यावर बाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "शेवटी जरा घाई केली त्यांनी." आणि मग, खूप वेळाने, बाहेर गाडीशी आल्यावर: "पण पोचले."

आल्बिनजी, तुमच्या बास मंडळींना आमचे मनापासून आभार पोचवा. हे सभागृह दिल्याबद्दल नगरपालिकेचे आभार, खाली दालनात सकाळपासून राबणाऱ्या बायकांचे आभार, आणि इतका वेळ ऐकून घेतल्याबद्दल तुमचे. बाई, तुम्ही उठून गेला नाहीत, तुमचेही. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. बास रांगेतल्या सगळ्यांची नावं मी घेतली नाहीत, ते मात्र विसरून नव्हे. घ्यायला लागले असते तर खालचं सूप पार गार झालं असतं. त्यांच्या घरच्यांनी मला क्षमा करावी.