पातीतली चांदी

समारंभाचे अध्यक्ष प्राचार्य महोदय, व्यासपीठावर आग्रहानं बसवलेले आणि तिथून निसटायची वाट शोधणारे आमच्या प्रयोगशाळेचे परिचर वाल्मीकभाऊ, भागीबाई वहिनी, आणि भज्यांच्या वासानं अस्वस्थ झालेल्या सहकाऱ्यांनो,

भाऊ आज निवृत्त होताहेत. सगळे गोड बोलले. मला मात्र एक कबुली द्यायची आहे.

साल २००३. माझी पीएच.डी. चांदीच्या तारांवर. केसाच्या हजाराव्या भागाइतक्या बारीक! त्या दिसणार फक्त इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली, आणि ते यंत्र मुंबईला. चार महिने थांबून दोन तासांचा नंबर लागला. भाऊ आणि मी दोघं निघालो; चांदीचा थर दिलेल्या नमुन्याची डबी मी भाऊंकडे दिली. म्हटलं, "धक्का लागू देऊ नका."

आता भाऊ कांद्याच्या विंचूरचे; तिथला माणूस कुणाकडे रिकाम्या हाती जाईल का? यंत्र चालवणाऱ्या साहेबांसाठी भाऊंनी कांद्याची ताजी पात घेतली, आणि डबी तिच्यातच खुपसली. याहून मऊ गादी कोणती, सांगा!

मुंबईत डबी उघडली, तर चांदी काळी. पातीतल्या गंधकाचा प्रताप. मी तडक बाहेर जाऊन तेव्हाच्या प्राचार्यांना फोन केला: निष्काळजीपणा झालाय, कारवाई करा. परत आले तर भाऊ म्हणाले, "ताई, नंबर लागलाय तर लावून तरी बघा. काळी हाय म्हणून काय झालं?"

रागारागानं नमुना यंत्रात लावला. इलेक्ट्रॉनांचा झोत पडला आणि काळ्या थरातून चांदीचे केस उगवायला लागले, आमच्या डोळ्यांदेखत! यंत्रातल्या सुईनं एक वाकवला, सोडला, पुन्हा सरळ. भाऊ ओरडले, "मोडंना ओ! लय चिवट!" माझ्या प्रबंधाचं चौथं प्रकरण म्हणजे याच उद्गाराचा ऐंशी पानी विस्तार.

प्रबंधात मी लिहिलं, 'गंधकयुक्त वातावरण'. पात लिहायची लाज वाटली. तक्रार मागे घ्यायची तर ती गोष्ट सांगावी लागली असती, म्हणून गप्प बसले. मला पदवी मिळाली, भाऊंना ठपका, आणि त्या ठपक्यानं त्यांची बढती गेली. तक्रार कुणाची, हे त्यांना आजवर ठाऊक नाही. ती माझी होती.

प्राचार्य महोदय, तसं लेखी पत्र आपल्याकडे दिलं आहे. फार उशीर केला मी.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभा सांभाळून घेईलच, पण खरी माफी मला एकाच माणसाची मागायची आहे. भाऊ, चुकले मी.

काय म्हणताय? माइकवर बोला, वहिनींनाही ऐकू द्या.

"तुमी फोन करत व्हत्या ना ताई, तवा मी मागंच हुबा व्हतो."