घामपुशी

ऐका रे पोट्टेहो. आणि मोरेश्वर, तू जरा जास्तच नीट ऐक. उद्या भर बाराला पत्रिका वाटायला निघणार म्हणतोस ना? आधी उठ, माठातलं पाणी पिऊन ये. गोष्ट कुठं पळून जात नाही.

आलास? बस.

दुसऱ्यांच्या गोष्टीत माणूस अंधार पडल्यावर निघतो. कंदील विझतो, कुत्रं रडतं. आपला देवमन टळटळीत दुपारी निघाला. नवतपा लागला होता, उन्हाळ्यातले ते नऊ आगीचे दिवस. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आणि आपल्याकडची भुतं काही रात्रीचीच वाट बघत बसत नाहीत.

देवमनच्या भाचीचं, वच्छलाचं, त्या दिवशी बोरखेडीला लग्न होतं. गोरज मुहूर्त. हा एकुलता एक मामा. मंगलाष्टकांना नवरीच्या मागं यानंच उभं राहायचं, आणि नवरीची पिवळी साडीही याचीच. घरची सगळी आदल्या दिवशीच पुढं गेलेली. साडी फॉल लावायला टाकली होती, ती शिंप्यानं दिली साडेअकराला. सकाळची गाडी गेली.

शिंपी म्हणाला, "देवमनभाऊ, चारची गाडी हाये. पाचले पोचता. ऊन उतरू द्या."

"मामानं काय पंगतीले पोचाव? तिकडच्या बाया गाण्यात माह्यं नाव घेतीन!"

"घेऊ द्या. जित्या माणसाचंच घेतात."

ऐकलं नाही. डोक्याला दुपट्टा बांधला, पिशवीत साडी टाकली, खिशात कांदा. पाणी? पाणी नाही. माळावरून तीन कोस तर जायचं, म्हणे. कांदा आहे ना खिशात!

कोसभर गेला. ऊन कसं? पायाखालची माती चपलेतून चावत होती. डोकं ठणकायला लागलं. मग पोटरीत गोळा आला. असा आला, की जणू कुणी खालून हात घालून पाय धरला. तो खाली वाकला, पोटरी चोळली, वर बघतो तर शेजारी बाई उभी!

डोईवर पदर, अंगावर मातीच्या रंगाचं लुगडं. म्हणाली, "मामा, किती घाम आला गा तुले. थांब, पुसते."

आणि पदरानं त्याचं कपाळ पुसलं. गार! इतकं गार की त्याला बरं वाटलं. तिथंच चुकलं. ती चालायला लागली, हा तिच्या मागं. ती दहा पावलांवर थांबायची आणि पुसायची. कपाळ. मान. पाठ.

आता देवमन काही अगदीच खुळा नव्हता. भुताला सावली नसते, हे त्यालाही ठाऊक होतं. त्यानं हळूच खाली बघितलं. बाईची सावली नाही! मग म्हणाला, आपली तरी बघू.

त्याचीही नव्हती.

हसू नकोस मोरेश्वर. नवतपात बाराला ऊन सरळ डोक्यावर असतं, सावली पायाखाली जाऊन दडते. पण हे त्याला तेव्हा कुठलं सुचायला? त्याला वाटलं, मी मेलोच. मग आता घाबरायचं कशाला?

पुढं तळं दिसलं. लखलखीत पाणी. तो धावला, तळं मागं सरकलं. पुन्हा धावला, पुन्हा सरकलं. बाई हसली. "बघ मामा, आता एक थेंबही राह्यला नाही तुह्या अंगावर." खरंच! अंग तव्यासारखं तापलेलं आणि कोरडं ठणठणीत. वर शहारे. त्या उन्हात त्याला थंडी वाजायला लागली! दुपट्टा कुठं पडला, कळलं नाही. जीभ टाळ्याला चिकटली.

बाई समोर बसली. तिनं विचारलं, "कुणाच्या लग्नाले चालला?"

"भाचीच्या."

"नाव काय तिचं?"

त्यानं तोंड उघडलं. नाव येईना. अरे, ज्या पोरीला खांद्यावर घेऊन जत्रा दाखवली, तिचं नाव येईना! बाई म्हणाली, "राहू दे. नीज इथंच." आणि तो आडवा झाला.

नाल्याच्या काठी कडुनिंबाखाली बयना बसली होती. शेळ्या चारणारी. शेळ्यासुद्धा त्या वेळी सावली सोडत नाहीत, बघ. तिला दिसलं, एक माणूस भर उन्हात एकटाच हातवारे करतोय, आणि पडला. ती धावली. बगलेत हात घालून ओढत त्याला सावलीत आणला. सदऱ्याची बटणं तोडली. नाल्यात उकरलेल्या झिऱ्यात गढूळ पाणी होतं. भिजवायला कपडा? पिशवी उघडली, पिवळी साडी निघाली. बयनानं काही विचार केला नाही. बुडवली झिऱ्यात आणि मानेला, काखेत, जांघेत गुंडाळली. वाळली की पुन्हा बुडवायची. वर निंबाच्या डहाळीनं वारा.

शेजारी तिचा पाण्याचा तुंबा भरलेला होता. पण तोंडात एक थेंब ओतला नाही. विचारत राहिली, "दादा, कुणाकडं चालला होतास? नाव सांग." तो नुसता बरळत होता. बेशुद्ध माणसाच्या नरड्यात पाणी ओतलं तर ते भलतीकडं जातं, हे बयनाला कळत होतं. तुमच्यातल्या शिकलेल्यांना कळतं का, देव जाणे.

पुष्कळ वेळानं ओठ हलले. "वच्छला."

"आता पी. घोट घोट."

गाडीवाट पलीकडंच होती. तिथून जाणारी एक बैलगाडी तिनं थांबवली आणि ओली साडी तशीच गुंडाळून त्याला दवाखान्यात नेला. डॉक्टर म्हणाले, उष्माघात. बयना म्हणाली, घामपुशी. सलाईन लागलं. तो उठून लग्नाला निघाला, तर डॉक्टरांनी दोन माणसं बसवली खाटेवर. मग देवमननं साडी बयनाच्या हातात दिली आणि म्हणाला, "बाई, तू जा. माह्या जागी उभी राहा."

तर मंडळी, त्या गोरज मुहूर्तावर नवरीच्या मागं मामा म्हणून शेळ्यावाली बयना उभी होती. बाया कुजबुजत होत्या. नवरीच्या पिवळ्या साडीवर झिऱ्याच्या चिखलाचे हे एवढाले डाग. नवरी रडत होती आणि डाग काही केल्या झाकत नव्हती. मला कसं माहीत? अंतरपाट खाली आला तेव्हा समोर मीच होतो. साडी तुमच्या आजीच्या पेटीत आहे. डाग गेले नाहीत, तिनं जाऊ दिले नाहीत.

मामा वाचले. पण पुढं कधीही दुपारी चालले की मागं वळून बघायचे.

आता त्या माळाच्या वाटेनं जाऊ नका, असं मी सांगणार होतो. पण वाट बिचारी बरी आहे, बयना तिथंच होती. मोरेश्वर, तू पहाटे पाचला निघ. पाण्याची बाटली घे, कांदा चटणीला ठेव. दहाला ज्याच्या घरी असशील तिथंच थांब, ताक माग, उन्हं कलली की पुढं जा.

आणि नाहीच ऐकायचं असेल तर बाराला अंगणात उभा राहा आणि खाली बघ. आपली सावली सापडली नाही, तर घरात परत ये.