मंदारचा जादूगार

पंच्याऐंशी साली घाटकोपरला शिरीषकडे आम्ही एक अमेरिकेहून आलेला खेळ खेळायचो. शिरीष गोष्ट रचायचा, आम्ही तिच्यातले वीर होऊन फासे टाकत लढायचो. मंदारचा जादूगार तर एवढा ताकदवान झाला, की शिरीषने आठवडाभर खपून आणलेला ड्रॅगन त्याने पहिल्याच फाशाला जाळला.

शिरीषचा चेहरा पडला. "आता तुमच्यासमोर आणू तरी काय, यार?"

पुढच्या रविवारी शत्रूची अख्खी फौज आली. आगीचा पाऊस पाडायला मंदारने फासे उचलले.

"थांब," शिरीष म्हणाला. "एक म्हातारी तुझे पाय धरतेय. तिच्या पोराला जबरदस्तीने ह्या फौजेत नेलंय."

"ह्यातला कुठला तो?"

"सगळ्यांचे चेहरे झाकलेत."

मंदार फासे मुठीत धरून बसला. मग हळूच म्हणाला, "शिरीष, नाव काय रे त्याचं?"